मुनियम्मांच्या घरचं पाणी

पेट्रोलचा वास आवडतो असं सांगणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं विचारायचं, तुम्ही काय करता, आणि मी म्हणायचं की जमिनीत सांडलेलं पेट्रोल-डिझेल शोधून काढतो, की लगेच, "अरे वा! मला तर तो वास फार आवडतो बघा." मी हसून जिलबीकडं वळायचो. निपाणीला वडील स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचे तेव्हा मीही मुद्दाम नाक पुढं करून उभा राहायचो. आता मात्र पंपावर गेलो की गाडीच्या काचा वर करतो.

निवृत्त होऊन बसलो तरी माझ्या सख्ख्या मेहुण्याला वाटतं की मी बोअरवेल मारत होतो. म्हणून काम काय ते आधी सांगतो. पंपाच्या फरशीखाली टाक्या पुरलेल्या असतात आणि टाकीपासून मशीनपर्यंत पाइप असतात. एखादा सांधा सैल झाला की थेंब थेंब गळायला लागतं. वर झगझगीत दिवे, हवा भरायचं यंत्र, सगळं छान चाललेलं असतं. खाली मात्र ते थेंब बंगळूरच्या लाल मातीतून उतरतात, मग कुजलेल्या खडकातून, जो हातात चुरडला तर जाड्या रव्यासारखा होतो, आणि शेवटी पाण्याला जाऊन मिळतात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आमटीवर तेलाचा तवंग यावा तसं. तवंग निदान दिसतो. पण पेट्रोलमधले काही पदार्थ पाण्यात विरघळतात, ते दिसत नाहीत. त्यांतलं बेंझिन सगळ्यांत वाईट. बरीच वर्षं पोटात जात राहिलं तर रक्ताचे आजार होतात, कर्करोगसुद्धा.

आम्ही ठिकठिकाणी भोकं पाडायचो, त्यांत बारीक फटी असलेले पाइप सोडायचो. मातीचे नमुने घ्यायचे, पाण्याची पातळी मोजायची आणि त्यावरून जमिनीखालचं पाणी कुठल्या दिशेला सरकतंय ते काढायचं. मग पाण्याच्या बाटल्या काठोकाठ, आत बुडबुडाही न ठेवता भरायच्या आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायच्या. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: नाकावर जाऊ नका. वास आला तर पाणी बिघडलंय हे नक्की. पण वास आला नाही म्हणजे पाणी चांगलं, असं मुळीच नाही. शिवाय नाक सवयीचं गुलाम असतं. रोज त्याच वासात राहणाऱ्याला तो वास येईनासा होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. देवनहळ्ळीकडच्या एका गृहस्थांनी शेत विकत घेऊन प्लॉट पाडले. बोअरवेल मारली तर पाण्याबरोबर डिझेल आलं. त्यांनी मला फोन करून दबक्या आवाजात सांगितलं, "सर, तेल लागलंय. कुणाला बोलू नका." मी पोचलो तर त्यांनी माझ्या हातात म्हैसूरपाकाचा बॉक्स ठेवला, आणि घरात आखाती देशांबद्दल चर्चा चाललेली. शेजारी पूर्वी ट्रकचं गॅरेज होतं, त्यांची पुरलेली टाकी फुटलीय, हे समजावताना मलाच वाईट वाटलं. म्हैसूरपाक त्यांनी परत मागितला नाही, एवढं खरं.

पण ज्या कामाबद्दल मला सांगायचंय ते के. आर. पुरमचं आहे. ती गोष्ट मी आजवर हसत सांगू शकलेलो नाही.

मोठ्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप होता. पंपाच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली उताराला जायची. दोन्ही बाजूंना छोटी छोटी घरं, आणि सगळ्यांना मिळून एक बोअरवेल. त्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो अशी तक्रार गल्लीतल्या लोकांनी केली. सरकारी अधिकारी आले, त्यांनी पंपाच्या मालकाला तपासणी करून घ्यायचा हुकूम दिला, आणि मालकानं आमची इंदिरानगरची कंपनी नेमली. आमच्या धंद्याची रीतच ही. ज्याच्याकडून सांडलं असा संशय, त्यानंच आम्हाला बोलवायचं. गल्लीतल्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. आम्ही मशीन घेऊन उतरलो तेव्हा त्यांनी आमच्याकडं बघितलं ते लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्या मध्यस्थाकडं बघावं तसं.

माझ्याबरोबर अनघा होती. पुण्याची, भूजलशास्त्र शिकलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळं इकडं आलेली. कामात चोख, कन्नड मोडकंतोडकं, बोलणं सरळसोट. पंपाच्या बाजूनं मंजुनाथ नावाचा मॅनेजर असायचा. आम्ही कुणाशी काय बोलतो यावर लक्ष ठेवणं एवढंच त्याचं काम. तो मोटारसायकलवर बसल्या बसल्या ते करायचा.

एक भोक गल्लीच्या मध्यावर पाडणं जरूर होतं, आणि मोकळी जागा फक्त मुनियम्मांच्या अंगणात होती. मुनियम्मा नगरपालिकेत रस्ते झाडायच्या कामावरून निवृत्त झालेल्या. उंच, काटक, गुडघ्यानं अधू. गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांची मुलगी शिल्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि दारात खुर्ची टाकून आमची गंमत बघत बसायची. अंगण खणायला मुनियम्मांनी लगेच होकार दिला. फक्त माझं नाव विचारलं.

"कुलकर्णी," मी म्हणालो.

"कुलकर्णी म्हणजे ब्राह्मणच ना?"

मी मान हलवली. त्या "सरी" म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि आत गेल्या. त्या 'सरी'मध्ये काही नव्हतं. पण मला मात्र दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. आमच्या गावी परसात कामाला येणाऱ्या बायकांना पाणी वरून ओतायचे. त्या ओंजळ धरायच्या, आणि ओतणारा तांब्या कित्येकदा माझ्या हातात असायचा. बंगळूरला येऊन मी ते सगळं मागं टाकलं असं मला वाटायचं. टाकलेलं सामान कुठं ठेवलंय ते मात्र नेमकं ठाऊक असायचं.

दुपारी काम संपलं. ऊन डोक्यावर होतं. आम्ही हात धूत होतो, तेवढ्यात मुनियम्मा ताटलीत दोन स्टीलचे पेले घेऊन बाहेर आल्या.

"स्वल्प नीरु कुडीरी, सर." थोडं पाणी प्या.

अनघानं पेला हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि परत ताटलीत ठेवला. "बेडा अम्मा," ती म्हणाली. नको. आणि आपल्या पिशवीतली बाटली उंच करून दाखवली, हे आहे म्हणून.

माझा जीव अर्धा झाला. एवढ्या सरळपणे कुणी नाकारतं? मुनियम्मांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. शिल्पा बघत होती. कुंपणापलीकडून शेजारच्या बायका बघत होत्या. मंजुनाथसुद्धा फोन खाली करून बघत होता. मी पेला उचलला. वास आला. अगदी पुसट, गॅरेजमधल्या फडक्याचा यावा तेवढा. पण आला, यात शंका नाही. ह्या वासावर मी संसार केलाय.

आणि मी पाणी प्यालो. तोंड लावून, सगळं, तळाशी थेंब न ठेवता.

"बरं वाटलं," मी म्हणालो, आणि पेला परत दिला. मुनियम्मांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

परतताना गाडीत अनघा म्हणाली, "सर, तुम्हाला वास नाही आला?"

"आला की."

"मग तुम्ही प्यायलात कशाला?"

मी तिला भलंमोठं व्याख्यान दिलं. काही घरांत आपल्यासारख्यांनी पाणी नाकारण्याचा अर्थ काय होतो, तुमच्या पिढीला हे कळणार नाही, शास्त्र आपल्या जागी आणि माणुसकी आपल्या जागी, असं बरंच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हो सर," ती म्हणाली, "पण पाणी वाईटच आहे ना?"

मला तिचा राग आला. त्या रात्री जेवताना मी बायकोला सगळी हकिकत सांगितली, आणि सांगताना माझा स्वतःवरच थोडा जीव जडला होता हे कबूल करतो. बायको वाढता वाढता एवढंच म्हणाली, "पोटात काही होणार नाही ना तुमच्या?"

मध्ये दसरा आला. प्रयोगशाळेचे निकाल यायला वेळ लागला. आले ते वाईट होते. मुनियम्मांच्या अंगणातल्या भोकात बेंझिन होतं, आणि गल्लीच्या बोअरवेलमध्येही, पिण्याच्या पाण्यात चालेल त्याच्या कितीतरी वर. पाणी उताराकडं सरकत होतं, आणि बोअरवेलचा पंप चालला की ते जास्तच वेगानं तिकडं ओढलं जात होतं. शंकेला जागा नव्हती. गळती पंपाच्या पाइपची होती.

रीतीप्रमाणं अहवाल आधी पंपाच्या मालकाकडं आणि सरकारी कचेरीत जातो. लोकांना सांगायचं काम कचेरीचं. पण गल्लीत ते पाणी चालू होतं का, हे मला आधी माहीत करून घ्यायचं होतं. वासाची तक्रार झाल्यापासून लोक पिण्याचं पाणी मोठ्या रस्त्यावरच्या, नाणं टाकलं की शुद्ध पाणी देणाऱ्या मशीनवरून कॅनमध्ये भरून आणत, एवढं मला ठाऊक होतं. मी मंजुनाथला फोन लावला.

"कॅन? नाही सर," तो खुशीत म्हणाला. "ते बंदच झालं की. तुम्ही स्वतः प्यायलात ना त्या दिवशी? मी बघितलं की डोळ्यांनी. मी सगळ्यांना सांगितलं, एवढा मोठा तपासणारा माणूस पितो, मग तुम्हाला काय होतंय? आणि पावसानंतर वासही कमी झालाय म्हणतात. तुमचे फार उपकार झाले सर, गल्ली शांत झाली."

मी फोन ठेवला. अनघा समोरच्या टेबलावर होती. मंजुनाथचा मोठा आवाज तिलाही ऐकू गेला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आमच्या कंपनीच्या साहेबांना मी सांगितलं की मी कचेरीची वाट बघणार नाही. ते म्हणाले, मालक चिडतील. मी म्हटलं, चिडू देत. तो काही माझा पराक्रम नव्हता. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. अनघा विचारल्याशिवाय गाडीत येऊन बसली.

मुनियम्मा अंगणात तांदूळ निवडत होत्या. शिल्पा आत झोपली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, पाणी बिघडलेलं आहे, प्यायला नको, स्वयंपाकाला नको, उकळूनसुद्धा नको. त्यांचे हात थांबले.

"वास तर आता येत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला सवय झालीय अम्मा. आणि वास नसला तरी ते वाईटच आहे."

"शिल्पा तेच पिते. त्या दिवसापासून." त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी तुम्हाला आला होता वास?"

खोटं बोलायला जागा होती. त्या दिवशी मला सर्दी होती असं म्हणता आलं असतं. मागं अनघा उभी होती.

"आला होता," मी म्हणालो.

"मग प्यायलात का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ह्या मुलीनं नाही म्हटलं, मीही नाही म्हटलं असतं तर... तुम्ही नाव विचारलं होतं... मला वाटलं, तुम्हाला वाटेल की आम्ही तुमच्या घरचं..."

पुढचं वाक्य मला कन्नडमध्येही सापडेना आणि मराठीतही सापडलं नसतं. मुनियम्मा माझ्याकडं बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, मी काय म्हणतोय ते. मला वाटलं त्या रडतील किंवा ओरडतील. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो, सर! पाहुणचार म्हणून दिलं होतं होय मी ते? पाहुण्याला द्यायला कॅनचं पाणी होतं की आत. मी मुद्दाम बोअरचं आणलं. तुम्ही पंपवाल्यांची माणसं. तोंडानं विचारलं तर खरं सांगणार नाही, म्हणून पेला पुढं केला. पिताय का नाही ते बघायला."



"ह्या पोरीनं ठेवला तेव्हा मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मग तुम्ही प्यायलात. तुम्ही मोठे, हिचे साहेब. मी म्हटलं, पोरीला काय कळतंय. साहेबांनी थेंब ठेवला नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "आणि वाईट वाटलं असतं म्हणता. वाटलं असतं, सर. चार दिवस वाटलं असतं. आजवर काय कमी वेळा वाटलंय? वाईट वाटून माणूस मरत नाही."

 त्या बाईला मी एक चटकन दुखावली जाणारी गरीब बाई समजून वागलो होतो. ती मला एक प्रश्न विचारत होती. तिला माझा मोठेपणा नको होता, माहिती हवी होती. माझ्याकडची ती एकमेव कामाची वस्तू होती, आणि मी ती पेल्याबरोबर गिळून टाकली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला त्याची काळजी लागली असेल. बोअरवेलला टोपण बसवून ती बंद केली. पंपाचे पाइप काढून नवे घातले. गल्लीला आधी टँकर, आणि बऱ्याच खटपटीनंतर कावेरीच्या पाण्याचे नळ मिळाले. खालची माती आणि पाणी साफ करायचं काम मी निवृत्त झालो तेव्हाही चालू होतं, अशी कामं लवकर संपत नाहीत. शिल्पाला मुलगी झाली, चांगली धडधाकट. थोड्या आठवड्यांच्या पाण्यानं काही झालं नसावं असं डॉक्टर म्हणाले. 'नसावं' हा शब्द मी स्वतः अहवालांत आयुष्यभर वापरला. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो ते मला तेव्हा कळलं. सरकारी कचेरीतल्या सुनावणीत पंपाच्या वकिलानं माझ्या पाणी पिण्याचा मुद्दा काढलाच. मी उभं राहून सांगितलं की वास आला होता आणि तरी प्यालो. साहेबांनी मान खाली घातली. ते अवघड गेलं, पण तिथं सगळी कागदाची माणसं होती. खरी सुनावणी त्याआधीच झाली होती, मुनियम्मांच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत.

त्या दिवशी मी त्यांना म्हणालो होतो, "अम्मा, मला माफ करा."

"ते नंतर बघू," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आधी चला. गल्लीत तुम्ही प्यायलात हे मी सांगितलंय घरोघर. मंजुनाथचं कोण ऐकतंय? माझं ऐकून कॅन बंद केले लोकांनी. आता माझ्याबरोबर येऊन तुम्ही तोंडानं सांगा."

आम्ही निघालो. पुढं मुनियम्मा लंगडत, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं अनघा. पहिल्या दारात एक शिंपी मशीन चालवत होता. मी सांगितलं, पाणी वाईट आहे, पिऊ नका. मुनियम्मा म्हणाल्या, "पुढचंही सांगा." मी सांगितलं, त्या दिवशी मला वास आला होता, तरी मी प्यालो, ते चुकलं. शिंप्यानं पाय थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली. तिच्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या दारात एक बाई पोराला त्याच पाण्यानं औषध देत होती. तिनं वाटी माझ्यासमोर मोरीत ओतली आणि दार लावून घेतलं. एका घरात चार पुरुष जेवत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "शिकलेली माणसं तुम्ही," आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मी तिथंही सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर मला हलकं वाटलं असतं. बहुतेकांनी नुसतं ऐकलं, आणि माझ्याकडं न बघता मुनियम्मांना विचारलं, "मग आता काय करायचं, अक्का?" माझ्यावर विश्वास ठेवायची गरज त्यांना आता उरली नव्हती.

दहाव्याबाराव्या दारानंतर माझा आवाज बसला. अनघा हळूच म्हणाली, "सर, पुढची घरं मी सांगू का?" मुनियम्मांनी मराठी कळत नसूनही ओळखलं. "नको," त्या म्हणाल्या. "हिनं कुठं प्यायलं होतं?"

गल्लीच्या टोकाला, जिथं उतार संपतो, तिथं एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसलेले होते. दोन्ही कानांनी पार बहिरे. मी त्यांच्यासमोर वाकून सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी आवाज चढवला, पण चढायला आवाजच नव्हता. ते माझ्याकडं बघून गोड हसले, हात जोडले, आणि आत वळून सुनेला काहीतरी म्हणाले. साहेब आलेत, पाणी आण, असं असावं.

मुनियम्मा पुढं झाल्या. त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी तोंड नेलं, आणि साऱ्या गल्लीला जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"नको, अण्णा! पाणी नको आणू! हे खोटं पितात!"